बाहेर पडले, बाई

आम्हा प्रोबेशन ऑफिसरांना आमच्या वरिष्ठ बाईंनी घडवलं. कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या माणसांच्या घरी जायचं, ती ताळ्यावर आहेत का बघायचं, हे आमचं काम. कायदा काय, कुणीही शिकवतं. बाईंनी शिकवलं ते असं: खुर्ची दाराजवळची घ्यायची, वाद घालायचा नाही, आणि त्या घरातून निघालं की पहिला फोन त्यांना करायचा. "बाहेर पडले, बाई." बस्स. फोन आला नाही तर बाई स्वतः येणार.

एकदा माझ्या मोबाइलची बॅटरी संपली, तर ही बया छत्री उगारून दारात उभी! त्या घरच्या माणसाचीच पाचावर धारण बसली. रस्ताभर मला फैलावर घेतलं आणि कोपऱ्यावर चहा पाजत म्हणाल्या, "आता रड. घरी नेऊ नकोस हे."

बाई निवृत्त झाल्या आणि ऑफिसने मोबाइलवर बटण आणलं. निघालात की दाबा. गरज सरो, वैद्य मरो! बटण थोडंच विचारतंय, "आवाज असा का गं तुझा?"

मध्यंतरी एका घरातून घाबरून बाहेर आले. बोटांनी सवयीने बाईंनाच फोन लावला.

"बाहेर पडले, बाई."

"जिना पूर्ण उतरलीस ना?" आवाज अगदी खोल गेलेला. मी तशीच त्यांच्या घरी गेले.

पाय प्लास्टरमध्ये. न्हाणीघरात पडल्या होत्या. फोन बाहेरच्या खोलीत, लेक दूर देशी, नवरा केव्हाच गेलेला. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला हाक ऐकू आली, तोवर फरशीवरच होत्या. मला इतका राग आला, इतका राग आला! त्यांचा, आमच्या सगळ्यांचा.

"आजपासून रोज संध्याकाळी तुम्ही मला फोन करायचा," मी दरडावलं.

"मी काय देखरेखीखाली सुटलेय?"

"नियम तुमचाच आहे."

कुरकुरत का होईना, फोन येऊ लागला. "आहे गं, आहे. मेले नाही." मग एका संध्याकाळी आलाच नाही. मी लावला, नुसता वाजत राहिला. हातातलं काम टाकून धावत सुटले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाई, केस विंचरलेले, दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. फोन मांडीवर.

"अहो बाई! जीव जायचा बाकी राहिला माझा!"

बाई खाली बघत म्हणाल्या, "बघत होते. येतं का कुणी."

चांगलं खडसावणार होते मी त्यांना. पण समोर दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती.