मोठा ऑइल पॅन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार दत्तूअण्णांचे, माझ्या चुलत्यांचे. त्यांनीच मला शिकवलं. आज एका गॅरेजवरून जाताना जळक्या ऑइलचा वास आला आणि मी गडमुडशिंगीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो.

घरातला पहिला पदवीधर मी होणार होतो. पदवीदानाच्या दिवशी मला वारणानगरच्या कॉलेजातून आपल्या जुन्या मोटारसायकलवरून घरी आणणार, असं अण्णांनी गावभर सांगितलं होतं. पण लांब पल्ल्यावर तिचं इंजिन तापायचं. म्हणून जास्त तेल मावेल असा मोठा ऑइल पॅन त्यांनी फौंड्रीतल्या बापूकाकांकडून ओतून घेतला आणि इंजिनाखाली बसवला. जोडातून थेंब गळू लागला.

"बास की दत्त्या, गळू दे. म्हातारी गाडी हाय," बापूकाका म्हणाले.

"पदवीधर बसणार हाय मागं. तेल सांडत आणू व्हय त्याला?" म्हणत अण्णांनी बोल्ट आणखी आवळला.

कट्ट आवाज झाला. इंजिनाचं आवरणच तडकलं होतं, आणि तसलं आवरण आता कुठंच मिळत नव्हतं. अण्णा पाना हातात धरून तसेच बसून राहिले.

मला तेव्हा फक्त गाडीचं वाईट वाटलं. गावाला तोंड दाखवणं त्यांना किती जड गेलं असेल, ते आता कळतं. पदवीदानाला ते आलेच नाहीत. त्या संध्याकाळी मी होस्टेलवरून पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, आता येणारही नाही.

"ती. अण्णांस सा. न. सगळ्यांच्या घरचे आले होते. मी गेटजवळ थांबलो होतो. तुम्ही एस.टी.नं यायचं होतं. तुम्हाला जागा धरली असती आणि मी घरापर्यंत शेजारी उभा राहून आलो असतो."