तात्यांचा तारेचा पूल

माझ्या आजोबांनी सख्ख्या भावाविरुद्ध खोटी साक्ष दिली होती.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

आज तात्यांचा स्मृतिदिन. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे, आप्पांचे, धाकटे भाऊ. १९३०च्या आसपास ते रत्नागिरीत सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होते.

आमचं गाव लांज्यापासून आत. मध्ये नदी. दर पावसाळ्यात साकव वाहून जायचा आणि पलीकडच्या वाडीतली मुलं चार महिने शाळेला मुकायची.

तात्यांनी पुलाचं डिझाइन केलं. लोखंडी तुळया बैलगाडीने आणणं अशक्य. म्हणून वरचे दांडे आणि तिरके टेकू किंजळीच्या लाकडाचे, आणि खालची ताणाची बाजू पोलादी तारेच्या दोराची. दोर काय, गुंडाळी करून बंदरातून गाडीवर आणता येतो.

पुढे खूप वर्षांनी, मी लहान असताना, त्यांनी मला पडवीत काठ्या आणि सुतळी घेऊन ते करून दाखवलं होतं.

"लाकूड दाबलेलं सोसतं. तार ओढलेली सोसते. काम त्या बेतानं वाटून द्यायचं. कळलं काय गो?"

कळलं होतं. इतकं सोपं सांगायचे.

पूल उभा राहिला. गावच्या पूल कमिटीचे अध्यक्ष आमचे आप्पा.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी तात्या सुट्टी काढून बघायला आले. दोर काळा कुळकुळीत, ग्रीसने माखलेला. त्यांना तो रंग आवडला नाही.

त्यांनी खिळा घालून दोराचे पीळ उकलले.

आत तांबडी भुकटी. तारांच्या मधली वाखाची सुतळी कुजून चिकट झालेली. तार बोटाने वाकवली तर तुटली. ठेकेदाराने मोडीत काढलेल्या कुठल्याशा बोटीवरचा दोर वरून ग्रीस फासून लावला होता.

"तो वास माझ्या नाकातून कधी गेला नाही," असं तात्या म्हणायचे.

ते तडक आप्पांकडे गेले.

"आप्पा, दोर कुजलाय. पूल उघडू नका."

"उद्घाटनाला साहेब येणार आहेत. निमंत्रणं गेलीत."

"सगळ्यात आधी शाळेची मुलं चालणार आहेत त्याच्यावरून!"

"पोरांचं वजन ते काय? नंतर बदलू की दोर."

नंतर बदलू! हे वाक्य मी पन्नास वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय.

तात्यांनी ऑफिसला कळवलं. उत्तर आलं नाही.

मग उद्घाटनाच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, ते सोनू गवंड्याला घेऊन नदीवर गेले. जांभ्याचे चिरे होतेच तिथे.

सोनू म्हणाला, "तात्यांनू, मी चढू काय पुलावर?"

"नाय. माणूस कोणी चढायचा नाय."

त्यांनी फळ्यांवर चिरे रचले आणि समोरच्या काठावरून काथ्याच्या दोरीने एकेक फळी ओढत मधोमध आणायला घेतली. पहिली फळी आली. पूल करकरला, पण राहिला.

दुसरी अर्ध्यावर आली आणि खालचा दोर तुटला.

अख्खा पूल कातळावर.

दोन्ही फळ्यांवर मिळून चाळीस चिरे होते. पूल दीडशे चिऱ्यांच्या वजनासाठी आखलेला. शाळेच्या मुलांचं वजनही चाळीस चिऱ्यांहून जास्त भरलं असतं.

काठावर मुलं धुतलेले कपडे घालून उभी होती. सगळी जिवंत.

तुम्हाला वाटेल, गावाने तात्यांना खांद्यावर घेतलं असेल.

गावाने त्यांना शिव्या घातल्या. पूल मोडला म्हणून.

इन्क्वायरी झाली. ठेकेदार म्हणाला, यांनी मुद्दाम जास्त वजन घातलं. तुटलेला दोर तोवर तिथून नाहीसा झालेला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी आप्पांना विचारलं, "दोर खराब आहे असं तुमच्या भावाने तुम्हाला आधी सांगितलं होतं का?"

आप्पा म्हणाले, "मला काही बोलला नाही."

तात्यांची नोकरी गेली.

दोन वर्षांनी पूल परत बांधला. तेच ड्रॉइंग, नवा दोर. पाटीवर नाव आप्पांचं.

त्याही उद्घाटनाच्या सकाळी तात्या नदीवर गेले. बोलावलं कुणी नव्हतं. खिळा घालून त्यांनी पीळ उकलून पाहिले, परत बसवले आणि सोनूला म्हणाले, "सोड पोरांना."

समारंभाला थांबले नाहीत.

पुढे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढून दिले. आप्पांशी एकाच घरात राहून, एकाच विहिरीचं पाणी पिऊन, शब्दही बोलले नाहीत. एकदा मी विचारलं, अजून राग आहे का?

"राग कधीच गेला गो. किळस जात नाही."

आता माझं सांगते.

आप्पा गेल्यावर शाळेच्या स्मरणिकेत मी लेख लिहिला. 'गावाला पूल देणारे आप्पा.' तेव्हा मला सगळं माहीत होतं. घरच्यांना बरं वाटावं म्हणून लिहिला. तात्यांचं नाव एकदाही नाही.

तात्यांची नजर तोवर गेली होती. मी रोज त्यांना पेपर वाचून दाखवायची. कुणीतरी त्यांना स्मरणिकेचं सांगितलं.

"तुझं काहीतरी छापून आलंय म्हणे. वाच."

मी वाचलं. शेवटपर्यंत.

ते पडवीत बसून ऐकत होते.

संपल्यावर म्हणाले, "दोर दीड इंची लिहिलायस. सव्वा इंची होता."

आणि उठून, भिंतीला हात लावत आत गेले.

त्यानंतर त्यांनी मला कधी पेपर वाचायला सांगितलं नाही.

तात्या, पूल तुमचा होता. आप्पा खोटं बोलले, आणि मीही. हे तुमच्यासमोर बोलायला हवं होतं.

तुम्हाला माझा नमस्कार.