बोलकं पोट, गप्प वर्ग

मी शाळेत मराठी शिकवायची आणि माझा वर्ग गप्प असायचा. ही बढाई आहे, आणि ती मी नोकरीभर मारली. आचऱ्याहून मिठबावच्या बाजूला जाताना सुरूच्या बनामागे आमची शाळा होती. चिऱ्याच्या भिंती, वर मातीच्या नळ्यांचं छप्पर, आणि वर्गावर्गांमधल्या भिंती छतापर्यंत न गेलेल्या. त्यामुळे पलीकडे गणिताचे सर घसा फोडून पाढे म्हणून घेत ते आमच्याकडे जसेच्या तसे यायचे. आमच्याकडून तिकडे मात्र काही जायचं नाही. श्रुतलेखन हा माझा आवडता तास. मी वाक्य एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती नव्हती.

आता निवृत्त झाल्यावर दुपारी पडल्यापडल्या तो वर्ग आठवतो. पाट्या आणि फळे बदलले, मुलांची मुलं येऊन बसली, पण खाली मान घालून लिहिणाऱ्या मुलांच्या पेनांची ती कुरकुर कधी बदलली नाही. मला ती फार आवडायची. माझं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गोव्याच्या हॉस्पिटलात पडून मी घरापेक्षा जास्त तिचीच आठवण काढली, खोटं कशाला सांगू?

रोग गेला. पण आतड्याचं तोंड पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं ते कायमचं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची, भरली की रिकामी करायची, दोनचार दिवसांनी बदलायची. हे सगळं मी शिकले. साडीच्या निऱ्या थोड्या उजवीकडे सरकवल्या की पिशवी दबत नाही आणि दिसतही नाही, हा शोध माझा मी लावला. वासाचीही सोय होती. पिशवीलाच कोळशाची बारीक जाळी असते, ती वास अडवते. आवाज अडवणारी जाळी मात्र अजून कोणी काढलेली नाही.

आणि खरी गोम तिथेच होती. त्या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो. वारा आला की तो जातो, आणि जाताना गप्प जात नाही. कधी नुसतं गुरगुरतं, कधी दूर कुठेतरी होडीचं मशीन सुरू व्हावं तसा लांबलचक आवाज येतो. घरात चालतं. पण माझ्या वर्गात, जिथे इतकी वर्षं मीच कोणाला खोकू दिलं नाही, तिथे?

मुलांच्या हसण्याला मी भ्यायले. आमच्या शाळेत शिक्षकाला एकदा नाव पडलं की ते निवृत्तीनंतरही सुटत नाही. भूगोलाच्या एका सरांना बाजारात त्यांच्या तिशीतल्या विद्यार्थ्यांनी कोणत्या नावाने हाक मारली ते मी ऐकलेलं आहे. मला काय नाव पडेल याचा विचार करून माझ्या अंगावर काटा यायचा. मुख्याध्यापकांना मी सांगून टाकलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघते, नाही जमलं तर स्वेच्छानिवृत्ती घेते. ते भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, बघा तुम्ही." याहून जास्त ते कधीच बोलत नसत.

शाळा सुरू व्हायच्या आधी मी घरी तालीम केली. आमच्या ह्यांना ओसरीवर बसवलं, हातात वही दिली आणि श्रुतलेखन घालायला सुरुवात केली. आंब्याकाजूंत जन्म गेलेला माणूस, चष्मा कपाळावर चढवून लिहायला लागला.

"ह्या वयात माका शाळेत घालतस गो?" ते म्हणाले.

मी दोन वाक्यं सांगितली आणि पोटाने तिसरं सांगितलं. मी विचारलं, "खरा सांगा, आवाज आयकाक इलो?"

"कसलो आवाज? माका समुद्राचो इलो."

"खोटा बोलू नका."

"पोट बोलता तर बोलांदे. तू काय कमी बोलतस?"

एवढं बोलून त्यांनी वही पुढे केली. अक्षर गिचमिड, आणि दोन वाक्यांत सात चुका. मी त्या लाल पेनाने काढल्याही. ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. ओसरी तीच आहे, मी तिथेच बसते, आणि त्या दुपारची आठवण आली की फार एकटं वाटतं.

शाळेत जायला लागल्यावर मी एकेक युक्ती शोधली. रिक्षातून शाळेच्या दारात उतरायचं सोडून बनाच्या अलीकडच्या पुलावरच उतरायची आणि सुरूच्या बनातून चालत जायची. चाललं की पोटातला वारा मोकळा होतो, आणि तिथे ऐकायला कावळ्यांशिवाय कोणी नसतं. ते चालणं मला इतकं आवडायला लागलं की पुढे गरज नव्हती तेव्हाही मी पुलावरच उतरत राहिले. चहा घोटघोट प्यायची, खाताना बोलायचं नाही, म्हणजे हवा गिळली जात नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि कुळथाची पिठी, माझे दोन्ही जीव की प्राण, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावरच. आवाज येतोय असं वाटलं की हात आडवा पोटावर धरून तळव्याने दाबायची. निम्मा आवाज आतच राहायचा. पोरांना वाटायचं बाई रागावल्या, कारण रागावले की मी तशीच उभी राहायची.

पण सर्वांत मोठी युक्ती म्हणजे मी वर्गालाच बोलायला लावलं. सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं. कविता तालावर म्हणायच्या. व्याकरणाचे नियमसुद्धा पाढ्यासारखे. शाळेतला सगळ्यात गप्प वर्ग आठवड्याभरात सगळ्यात दणदणीत झाला. गणिताचे सर एकदा भिंतीवरून ओरडले, "बाई, जरा हळू!" इतक्या वर्षांत हे वाक्य भिंतीच्या त्या बाजूने पहिल्यांदाच आलं. मुलांच्या आवाजाआड लपून मी शिकवत होते आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. श्रुतलेखन तर मी बंदच केलं.

पहिली घटक चाचणी आली आणि ते टाळता येईना. गुणच त्याला होते. तेव्हा मी माझ्या मते फार हुशारी केली. आमच्याकडे सकाळी दहाला पेज जेवल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. मऊ भात त्याच्याच पाण्यासकट, बरोबर खारातली कैरी. पातळ पेज पोटात डचमळते, तिचाच आवाज होत असणार असं मी ठरवलं आणि ती सोडली. पोटात काही नाही तर बोलेल कशाला, असा माझा हिशेब. ह्यांनी वाडगा पुढे केला तो तसाच ठेवून मी निघाले.

वर्ग बसला. वह्या उघडल्या. मी पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती पेनांची कुरकुर ऐकली आणि मला बरं वाटलं. तिसरं वाक्य सांगून मी थांबले आणि त्या शांततेत माझं पोट सुरू झालं. आधी गुरगुर. मी हात दाबला. मग तो लांब आवाज. हाताखालून, पदराखालून, चढत उतरत, एका ठिकाणी थोडा थांबून पुन्हा. संपता संपेना.

शेवटी तो संपला. कोणी हसलं नाही, कारण कोणाला धीर झाला नाही. सगळ्या माना खाली. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी, अगदी गंभीरपणे, सवयीनं तोंडातून निघावं तसं बोलून गेली, "व्हय म्हाराजा."

आमच्या गावांत देवळात काहीही करायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवासमोर उभा राहून सगळी हकीकत एका लांब सुरात सांगतो, काय झालं, काय हवं, आणि तो श्वासाला थांबला की जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. ती पोरं पाळण्यात असल्यापासून हे ऐकत आलेली. लांब सूर संपला की काय म्हणायचं ते त्यांच्या जिभेवरच असतं.

वर्ग फुटला. इतके दिवस दाबलेलं हसू सगळं एकदम बाहेर आलं. ती मुलगी मात्र पांढरीफटक पडली होती. आता बाई आपल्याला काय करतील, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. माझ्याही डोक्यात संताप चढला. मग तिच्याकडे बघता बघता मलाच हसू फुटलं. ऑपरेशननंतर मी इतकी हसले नव्हते. हसताना पोट दुखत होतं आणि पिशवी हलत होती, पण मला थांबता येत नव्हतं.

हसून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघत होते. आता काहीतरी सांगणं भाग होतं. प्रमाण भाषेत ते मला सुचेना. आतडं, शस्त्रक्रिया, सगळे शब्द पुस्तकातल्यासारखे वाटायला लागले. वर्गात मालवणी बोलणाऱ्याला मी उभं करायची. त्या दिवशी मीच उभी राहिले, हात जोडले आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या सातवीच्या वर्गात ही तुझी लेक हात जोडून उभी आसा."

क्षणभर कोणाला कळेना. मग दोघातिघांनी हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"हिच्या पोटात वाईट रोग झालो, तो डाक्टरान कापून काढल्यान."

"व्हय म्हाराजा." आता निम्मा वर्ग.

"आतड्याची वाट बदलून डाव्या बाजूक काढल्यान आणि थंय एक पिशवी लायल्यान."

"व्हय म्हाराजा."

"त्या वाटेक दार नाय, कडी नाय. वारो येता तो हिका इचारून येणा नाय. तेच्यात हिचो काय एक गुन्हो नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरांका हसाक येता, ता एकदा पोटभर हसांदे. मगे तेंका नीट लिवची बुद्धी दे."

इथे पुन्हा हशा झाला, पण उत्तर आलंच. मी तिथेच संपवणार होते. पुढची ओळ मी ठरवलेली नव्हती, ती आपोआप आली.

"आणि म्हाराजा, हिका ह्याच वर्गात उभी ऱ्हवांदे."

या वेळी हसलं कोणी नाही. सगळ्या वर्गाने एकदम असा आवाज दिला की नळ्यांवरचे कावळे उडाले. मुख्याध्यापक धावत दारात आले. विचारलं, "बाई, कुठला पाठ चाललाय?"

"कठीण होता, सर," मी म्हटलं, "झाला."

चाचणी दुसऱ्या दिवसावर टाकली. घरी येऊन हॉस्पिटलमधल्या नर्सला फोन लावला. ती पोर वयाने लहान, पण तिने मला चांगलंच झापलं. रिकाम्या पोटात जास्त वारा होतो, बाई, थोडंथोडं खात राहायचं, भात तर तुमच्यासाठी उत्तम. मी फोन ठेवला तर ह्यांनी काही न विचारता सकाळची पेज गरम करायला घेतली होती. जरा घट्ट केली, वर मीठ घातलं. मी ती वाडगाभर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. गाऱ्हाणं म्हणजे एका दिवसाची गंमत. आज काय? मनात आलं, चाचणी उद्यावर ढकलावी, आज पुन्हा सगळ्यांनी मोठ्याने वाचावं. मी पुस्तकं काढायला सांगितली. कोणी काढेना. मागच्या बाकावरची तीच मुलगी उभी राहिली.

"बाई, श्रुतलेखनच घ्या ना. ओरडून घसा दुखतो. आम्हांला गप्प बसायला येतं."

मी माझं पुस्तक मिटलं. फळ्याकडे वळून तारीख लिहिली. मग पहिलं वाक्य सांगितलं. पेनं सुरू झाली. दुसरं सांगितलं. तिसऱ्यानंतर पोटाने आवाज दिला, कालच्याएवढा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका. माझा हात पोटावर गेला आणि मी थांबले. थांबले ती थांबलेच. आता कोणीतरी फुटणार, म्हणून वाट बघत होते.

एकही मान वर झाली नाही. पेनं वाक्याच्या शेवटी पोचली आणि एकेक करून थांबली. तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा, वहीतून डोळे न काढता, जरा कंटाळूनच म्हणाला,

"पुढचं वाक्य, बाई."

मी हात खाली घेतला आणि पुढचं वाक्य सांगितलं.