गरम मिठाची पुरचुंडी

माझा गुडघा धरला म्हणून सुनेनं काल तव्यावर जाडं मीठ गरम केलं आणि फडक्यात बांधून आणलं. त्या करपट वासानं मी तिच्यावर ओरडलेच. तिला बिचारीला काय माहीत!

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पनवेलजवळच्या आमच्या गावात बाबांचं मिठागर होतं. त्यांना कॅन्सर झाला होता आणि तो हाडांत उतरला होता. कूस बदलतानाही ते दात आवळायचे. पनवेलच्या डॉक्टरांनी अफूपासून केलेल्या औषधाची बाटली दिली आणि बजावलं, "दुखायची वाट बघू नका. ठरल्या वेळी देत राहा." आईनं ती मडक्यामागे ठेवून दिली. "अफूची सवय लागंल त्यांना. आपलं मीठ हाय ना!" मिठागरात कुणाचीही कंबर धरली की मिठाचाच शेक द्यायचा, एवढंच आम्हांला ठाऊक.

मीही भर दुपारी बाबांची कंबर शेकत बसायची. कमरेची कातडी पोळून लाल झाली, तरी बाबा म्हणायचे, "अजून गरम कर." कातडी पोळली की हाडाचं दुखणं घटकाभर मागे पडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा न राहवून मी सांगितलं, "बाबा, सवय लागंल म्हणून आई औषध देत नाय."

ते म्हणाले, "सवय लागाया दिस कुठं उरलेत गो बाय?"

बाटली माझ्यापासून दोन हातांवर होती. मी उठले, आणि पुरचुंडी पुन्हा गरम करून आणली.