बेटावरची दिवेलागण

अमेरिकेतल्या हर्नडनच्या ऑफिसात माझी संध्याकाळ सकाळी नऊनंतर व्हायची. हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेट-देशाला वीज पुरवणारा सौर प्रकल्प आमची कंपनी सांभाळायची. स्क्रीनवर त्याचा ग्राफ बघत बसणं हे माझं काम. दिवसभर तिथलं ऊन बॅटऱ्या भरायचं आणि तिन्हीसांजेला घराघरांत दिवे लागले, की ग्राफची रेघ वर चढायची. मी हात जोडायचो. लाईट लावला की नमस्कार, ही घरची सवय. दिवा सातासमुद्रापारचा असला म्हणून काय झालं? शेजारच्या टेबलावरचा नागपूरकर म्हणायचा, "यार, तू ग्राफची पूजा करतोस!" करत होतो. अपार्टमेंटमध्ये माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. तिथं बोलायचा तो फक्त फ्रिज.

बाबा गेल्यापासून आई अकोल्यात एकटी होती. इकडे यायला तयार नव्हती. "एकदा 'ये' म्हण, मी सगळं सोडून येतो," असं मी सांगून ठेवलं होतं. दर रविवारी फोनवर तिचं एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय? मजेत आहे."

एप्रिलमधल्या एका सकाळी, ऐन दिवेलागणीला, रेघ एकदम शून्यावर गेली. अख्खं बेट काळोखात. अशा वेळी प्रकल्पावरच्या इंजिनिअरला फोन करायचा, हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण तिन्हीसांजेला अंधार म्हणजे अशुभ, एवढंच डोक्यात घुसलं आणि मी कॉलिंग कार्ड काढून अकोल्याला फोन लावला.

पहिल्याच रिंगला आईनं उचलला.

"आई, ठीक आहेस ना?"

"हो रे. लाईट गेलेत. लोडशेडिंग."

"कधीपासून?"

"रोजच जातात ह्या वेळी. तुला काय सांगायचं ते? देवापुढं दिवा लावलाय, तिथंच बसलेय."

मी दुसऱ्यांच्या बेटावरचे दिवे राखत होतो आणि माझी आई रोज अंधारात बसत होती.

एवढ्यात नागपूरकर माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "अरे, मी कॉल केला तिकडे. लाईट आहेत, फक्त आपल्याकडे डेटा आणणारी लिंक डाऊन आहे. टेन्शन नको घेऊ." मी मान डोलावली.

एरवी दोन मिनिटांत "ठेव आता" म्हणणारी आई अजून फोन धरून होती.

"लाईट येईपर्यंत ठेवू नकोस," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आहेस ना रे?"

"आहे," मी म्हणालो. बाहेर पार्किंगमध्ये लख्ख ऊन पडलं होतं, आणि मी तिच्याजवळ नव्हतो.