न पोचवलेले आवतण

दुभाष्याने गाळू नयेत अशी वाक्ये मी आयुष्यभर गाळत आलो, आणि यंदाच्या पोळ्यापर्यंत ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. समोरच्याच्या बोलण्यात मला डाव दिसला, की ते वाक्य माझ्याच तोंडात विरून जाई. ऐकणाऱ्याला वाटे, बोलणारा तेवढेच बोलला. असे केल्याने पाहुण्यांची फसवणूक टळते, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना ती समजूत अजून शाबूत होती.

जीपमध्ये माझ्या शेजारी मिचिको-सान बसल्या होत्या. जपानातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत आणि मुलांसाठी एक चित्रपुस्तक करीत आहेत: इंग्रजी आणि जपानी बोलण्यात प्राणी कुठे कुठे येऊन बसतात, याचे. त्यात मराठीही घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले, म्हणून बैलांचा सण पाहायला आम्ही निघालो होतो.

"संशय आला की इंग्रजी माणसाला उंदराचा वास येतो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे काही वाईट घडणार असेल तर पोटातला किडा बातमी देतो. मुशि नो शिरासे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पाल चुकचुकते."

"पाल? कुठे?"

"मनात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमच्या मनात पुष्कळ असाव्यात," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसलो. त्यांना ते कसे कळले, याचा विचार मात्र घाट संपेपर्यंत करीत राहिलो.

खाली उतरल्यावर हवा जड झाली. ढग घाटाच्या कडेला अडकून मागेच राहिले होते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कमरेएवढी पऱ्हाटी (कपाशी) आणि मधून मधून सोयाबीनचे हिरवे पट्टे. मोताळ्याला बाजार गोंड्यांनी, झुलींनी आणि घुंगरमाळांनी लाल-पिवळा झाला होता. मिचिको-सानांनी एक गोंडा हातात घेतला, तेव्हा दुकानदाराने मला विचारले, "बैल किती हायेत तुमचे?"

"एकही नाही."

"मंग गोंडा कोणाले बांधता, ड्रायव्हरले?"

एवढे वाक्य मी प्रामाणिकपणे भाषांतरित केले.

आमचे यजमान सुपडाभाऊ. त्यांचा भाचा पुण्यात माझ्या ओळखीचा. त्याने फोन करून आमची सोय लावली होती. गावात शिरताच पारावरच्या एका म्हाताऱ्याने जीप अडवली.

"कोण गावचे? ढोरायचे फोटो काऊन काढून राह्यले?"

मी पुस्तकाचे सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. "आदी फोटो काढतेत, मंग रात्री टेम्पो घेऊन ढोरं चोराले येतेत," तो म्हणाला, आणि सुपडाभाऊ धावत येऊन "आपलेच पावने हायेत, आबा" म्हणेपर्यंत त्याने जीपच्या बॉनेटवरचा हात काढला नाही. त्याचा संशय मला अपमानास्पद वाटला. माझा स्वतःचा संशय मला तसा कधीच वाटला नव्हता.

सुपडाभाऊ पन्नाशीचे, बारीक अंगाचे. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी ओसरीवर पाने मांडली: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. ठेच्याने मिचिको-सानांच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. जेवताना मी घर न्याहाळत होतो. आतल्या एका खोलीचे दार बंद होते. इंदूबाई त्या बाजूला जाताना पावले हलकी टाकीत. सुपडाभाऊ दोनदा उठून अंगणात गेले आणि फोनवर हळू आवाजात बोलले. दुसऱ्या खेपेचे शब्द माझ्या कानी पडले: "हाव, आली. संध्याकाळी इचारतो. तू सध्या कोणाले सांगू नको."

जपानीत साळसूदपणाचे सोंग करणाऱ्याने मांजर पांघरले आहे असे म्हणतात. हात धुताना मी सुपडाभाऊंकडे पाहिले आणि मला ते मांजर अगदी स्पष्ट दिसले. हे देणगी मागणार, किंवा उद्या कोण्या पुढाऱ्यापुढे परदेशी पाहुणी मिरवणार, असे मी ठरवून टाकले.

दुपार मात्र छान गेली. मिचिको-सानांनी सांगितले की जपानीत संथ कामाला बैलाची चाल म्हणतात, आणि इंग्रजीत धसमुसळ्या माणसाला चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात शिरलेला बैल म्हणतात.

"त्या बैलाले दुकानात नेलं कोणं?" इंदूबाईंनी विचारले. "मानसानंच नेलं असन ना?"

मिचिको-सान खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न पुस्तकात घालीन. मग सुपडाभाऊंनी त्यांच्या घरची रीत सांगितली. पोळ्याच्या दोन दिवसांत कोणी कोणाला बैल म्हणून, गाढव म्हणून, कुत्रा म्हणून शिवी द्यायची नाही.

"बाकीचे दिवस मी यायले बैलच म्हणतो," इंदूबाई म्हणाल्या.

"तवाच तं हे दोन दिवस बरे वाटतेत मले," सुपडाभाऊ म्हणाले.

दिवस कलला तसे आम्ही गोठ्यात गेलो. दोन पांढरे बैल होते. पळसाच्या पानांनी कोमट पाणी घेऊन सुपडाभाऊंनी त्यांचे खांदे शेकले, मग तूप-हळद चोळली. याला खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू वाहून तिथली कातडी चामड्यासारखी झालेली असते. बैल मान लांब करून डोळे मिटून उभे होते. यानंतर घरातली कोणी व्यक्ती बैलांना आवतण (जेवणाचे निमंत्रण) देते: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. जनावराला असे माणसासारखे बोलावणे मिचिको-सानांना ना इंग्रजीत सापडले होते ना जपानीत. त्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

पण सुपडाभाऊंनी आवतण दिले नाही. ते माझ्याजवळ आले.

"सायेब, ताईले इचारा. यंदा आवतन ताईच्या तोंडून होऊ द्या. उद्या तेयच येऊन पयला घास देतीन. काऊन, ते मंग सांगतो."

काऊन ते मंग सांगतो; म्हणजे कारण नंतर. फोन, बंद दार आणि हे वाक्य मी मनात एका ओळीत मांडले. उद्या पुन्हा यायचे, पहिला घास द्यायचा, आणि मग मागणी पुढे येणार.

मिचिको-सान माझ्याकडे पाहत होत्या. "काय म्हणतात?"

"अंधार व्हायच्या आत घाट चढावा, म्हणतात."

"हो का?" त्या निराश झाल्या, पण लगेच उठल्या आणि बैलांना वाकून नमस्कार केला.

सुपडाभाऊंकडे वळून मी म्हणालो, "त्या नको म्हणतात. त्यांना संकोच वाटतो."

सुपडाभाऊंनी हळदीचा हात धोतराला पुसला. "बरं," ते म्हणाले. "तेयची मर्जी."

दुसऱ्या दिवशी मिरवणूक पाहायला आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. नाल्यावर बैल धुतले जात होते, शिंगे रंगवली जात होती. मिचिको-सान फोटो काढण्यात रमल्या. सुपडाभाऊंचे बैल मला कुठे दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. बैल गोठ्यातच होते; अंगावर कालचे शेण तसेच. इंदूबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

"बैल नाही नेले?"

"आवतनच नाही त जेवाले कसे जातीन?" त्या म्हणाल्या. मग आतल्या बंद दाराकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, "सासूबाई गेल्या औंदा. तेयची खोली हाये ते. मयत झालेल्या घरानं त्या सालच्या सणाले आपल्या तोंडानं बोलवाचं नसते आमच्यात. परक्याच्या तोंडून झालं त बैलायचा पोळा अडत नाही. शेजारी देतो म्हणत होते. यायनंच नको म्हणलं. पाहुनी एवढ्या दुरून बैलायचे बोल इचाराले येऊन राह्यली, तिच्याच तोंडून होऊ द्या, म्हणे. नणंदले फोनवर सांगून राह्यले होते. तुमाले आदी नाही सांगितलं; पाहुनीले सुतकाच्या घरी जेवल्यावानी वाटू नये म्हणून."

"आता शेजाऱ्यांना सांगता येणार नाही?"

"तिनं नको म्हणलं, मंग हे दुसऱ्यापुढं तोंड घेऊन कसे जातीन? मिरवणुकीत बैल तोरणाखाली जाईपर्यंत आवतन देल्लं तरी चालते म्हणा. पन जाऊ द्या. तुमी मोठे लोक, तुमाले काय?"

मी तेव्हाही खरे सांगितले नाही. नाल्यावर परत आलो, काहीतरी सबब सांगून मिरवणुकीआधीच मिचिको-सानांना जीपमध्ये बसवले आणि ड्रायव्हरला निघायला सांगितले. वाटेत त्यांनी विचारले, "आज गावात शिरताना इंदूबाई मला दुरूनच पाहून आत गेल्या. माझे काही चुकले का?"

"नाही," मी म्हणालो. हे भाषांतर नव्हते, तरी तेही खोटेच होते.

घाटाच्या पायथ्याशी जीपचा गिअर बदलला आणि चढ सुरू झाला. मला वाटत आले होते की मी लोकांचे दोन भाषांमधले अंतर कमी करतो. त्या क्षणी मला उमगले की ते अंतर माझी राखणीची जागा होती. तिथे उभा राहून मी ठरवत होतो, कोणाचा शब्द कोणाच्या दारी जाऊ द्यायचा. गुराख्याने गुरांकडे पाहावे तसे मी माणसांकडे पाहिले होते. ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली, तेव्हा माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. त्याने दोनदा विचारले.

गावाबाहेर तोरण बांधून झाले होते आणि वाजंत्री जमत होती, पण बैल अजून त्याखालून गेले नव्हते. सुपडाभाऊ गोठ्यात बैलांपुढे चारा टाकीत होते. आम्हाला पाहून त्यांनी टोपी सारखी केली आणि "या," म्हणाले. इंदूबाई त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मिचिको-सान काही न समजून एकेकाकडे पाहत होत्या.

"सुपडाभाऊ," मी म्हणालो, "ताईंनी नको म्हटले नव्हते. तुमचे बोलणे मी त्यांच्यापर्यंत पोचूच दिले नाही. मला तुमचा संशय आला होता. माझे चुकले. मला माफ करा."

मग मिचिको-सानांकडे वळून कमरेत वाकलो आणि त्यांच्या भाषेत म्हणालो, "काल यांनी तुम्हाला एक विनंती केली होती. या बैलांना तुम्ही जेवायला बोलवावे, अशी. ती मी स्वतःजवळ ठेवली आणि तुमच्या नावाने नकार दिला. मोउशिवाके आरिमासेन (माझ्यापाशी कसलीही सबब नाही)."