डस्टरचा माईक

वागळे इस्टेटजवळच्या एका शाळेत मी बाकं पोचवायला गेले होते. तिसरीच्या बाईंनी पदर खोचला होता आणि अंबाड्यात खडू अडकवला होता. वाचनाचा तास होता आणि ज्याला जे आवडेल ते वाचायची मुभा होती. एक मुलगा क्रिकेटची बातमी वाचत होता, दुसरा लग्नपत्रिका. एक मुलगी मात्र गप्पच.

"आज वाचलं नाही, तर उद्यापासून हिला दुसरीत बसवणार आहेत," बाई मला हळूच म्हणाल्या. "हिचे बाबा टेंभी नाक्याच्या देवीला नवरात्रात माईकवरून गर्दीला सूचना देतात." मग त्यांनी मुलीच्या हातात डस्टर दिलं. "बाबांसारखा सांग गं धडा."

मुलीने डस्टरवर टिचकी मारली. "हॅलो, चेक. भाविकांनी लक्ष द्यावे. अस्वल झाडावर चढलेले आहे. महिलांनी डाव्या बाजूने जावे."

वर्ग हसून लोळला. बाई पदराने डोळे पुसत होत्या.

"पुस्तकात महिला कुठे आहेत?" मी विचारलं.

"अस्वल तर आहे ना? बाकीचं उद्या बघू."

"धडा पाठ असेल तिचा," मी म्हणाले.

हे ऐकून मुलगी डस्टर घेऊन खिडकीशी गेली. खाली माझा टेंपो उभा होता. त्याच्या मागची अक्षरं जुळवत तिने जाहीर केलं, "'माल नाजूक आहे, अंतर ठेवा' लिहिलेला टेंपो गेटसमोरून ताबडतोब हलवावा."

मी खाली जाऊन टेंपो हलवला.